गंडीपेटचं पाणी आणि आमचे वरच्या माळ्यावरचे घट

आज जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

२०२५ च्या नवरात्रातली गोष्ट. सप्टेंबरची २६-२७ तारीख. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला, गंडीपेट आणि हिमायतसागरचे दरवाजे उघडले आणि मुसी काठोकाठ भरली. आपलं इमलीबनचं बसस्थानक, जिथून आपण सगळे नांदेडच्या गाड्या पकडत आलो, तेच पाण्यात गेलं. रात्री प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. टीव्हीवर ते सगळं चालू असताना माझा पुतण्या घरी आला. हातात एका नव्या सोसायटीचं गुळगुळीत पत्रक. म्हणाला, "काका, हिमायतसागरच्या अंगाला आहे. बाल्कनीतून तलाव दिसतो. बुकिंग करून टाकू का? तुम्ही इतिहास शिकवलाय, जागेचं काही माहीत असेल तर सांगा."

मी तेव्हा त्याला धड उत्तर दिलं नाही. टीव्हीकडे बोट दाखवलं, एवढंच. पण डोक्यात विषय राहिला. घरातलं ऐकलेलं आणि पुढे शिकवताना वाचलेलं, दोन्ही एकत्र करून हे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि तुमच्या घरात असा कुणी पुतण्या-भाचा असेल त्याच्यासाठीही.

आमच्या घरात एक पद्धत आहे. नवरात्रात घट खाली देवघरात बसत नाहीत, वरच्या माळ्यावर बसतात. नव्या सुनांना नवल वाटतं. गुडघे धरून जिना चढायचा, नऊ दिवस तेल-वात वर न्यायची, कशासाठी? कारण पणजीने तसं सांगून ठेवलं.

पणजोबा नांदेडकडून निजामाच्या कचेरीत कारकुनीला आले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच, त्यामुळे हैदराबादला येणं म्हणजे परमुलुखात जाणं नव्हतं, राजधानीत जाणं होतं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादची कितीतरी घरं अशीच इथे आली. गौळीगुडा, चादरघाट, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबं दाट होती. १९०७ मध्ये विवेक वर्धिनी शाळा सुरू झाली. पणजोबांनी नदीच्या अंगाला एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं, कारण भाडं कमी. नदीकाठी भाडं कमी का असतं, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही. आजही फार जणांना पडत नाही.

१९०८ साली नवरात्र बसलं २६ सप्टेंबरला. पाऊस लागलेलाच होता. २८ तारखेला, सोमवारी, घटाचा तिसरा दिवस होता. पणजी पहाटे उठली तेव्हा अंगणात पाणी होतं. तिला वाटलं पावसाचं साचलंय. घटाभोवतीची पत्रावळ हलली, मग तिला कळलं की पाणी खालून येतंय. तिने देवीचा चांदीचा टाक ओच्यात घातला, कडेवर पोर घेतलं आणि कोठीच्या चढाकडे निघाली. पणजोबा मागून काही सामान घेऊन येतो म्हणाले. ते आले, पण सामानाविना आले, आणि त्या दिवसाबद्दल पुढे कधीच बोलले नाहीत. घर संध्याकाळी जागेवर नव्हतं. मातीच्या भिंती होत्या, विरघळल्या.

हे आमच्या एका घराचं. शहराचं काय झालं तेही सांगतो. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाला. मुसी उगम पावते विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात. तिला ईसी येऊन मिळते आणि मग ती शहराच्या मधोमध जाते. अफझलगंज, घांसी बाजार, कोलसावाडी, चादरघाट हे भाग वाहून गेले. अफझलगंजचा, मुसल्लम जंगचा आणि चादरघाटचा, असे तिन्ही पूल फुटले. टिकला तो कुतुबशाहीतला पुराना पूल. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो. घरं पडली १९,००० च्या आसपास. उर्दूतले मोठे कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी डोळ्यांदेखत गेल्या, ते एकटे वाचले. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्याच्या फांद्यांना धरून दीडएकशे माणसं वाचली. आमची आजी त्या बाजूला गेली की झाडाला हात लावून यायची. तिला नमस्कार असा करायचा नसे, नुसता हात लावायचा असे.

निजाम तेव्हा सहावे, मीर महबूब अली खान. त्यांनी महाल उघडले, अन्नछत्रं घातली. नदीला शांत करायला त्यांनी स्वतः पूजा केली असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. ते जसं ऐकलं तसं सांगितलं. पण पूजेनंतर दरबाराने जे केलं ते कागदावर आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. त्यांनी एका इंजिनिअरला बोलावलं.

हे इंजिनिअर म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आज त्यांचं नाव म्हैसूरशी जोडलं जातं, पण इंजिनिअर म्हणून त्यांची घडण आपल्याकडची. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिक-धुळ्याकडे कामं केली, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. सरकारी नोकरीतून बाहेर पडून परदेशात फिरत होते, तिथे त्यांना हैदराबादचं बोलावणं गेलं. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते आले आणि १ ऑक्टोबर १९०९ ला अहवाल दिला. साडेपाच महिन्यांत.

शाळेत मी मुलांना हा अहवाल एका प्रश्नाने शिकवायचो. पूर शहरात आला, मग उपाय कुठे करायचा? मुलं म्हणायची, शहरात. भिंत बांधा, नदी खोल करा, घरं उठवा. विश्वेश्वरय्यांनी आधी शहराकडे पाठ केली आणि वरचं पाणलोट पाहिलं. मुसीच्या खोऱ्यात त्यांना ७८८ तलाव मोजता आले. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. अशी रांगच्या रांग कोसळत शहरावर आली. नदीला सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी आलं असा त्यांचा हिशोब.

म्हणून त्यांनी सांगितलं की शहराच्या वर काही मैलांवर दोन मोठे जलाशय बांधा, एक मुसीवर, एक ईसीवर. अचानक आलेलं पाणी तिथे थोपवा आणि नदीला पेलेल तेवढंच खाली सोडा. शहरात काठाला भिंती आणि बागा करा, म्हणजे नदीकाठी घरं उभी राहणार नाहीत आणि माणसांना फिरायला जागा होईल. शिवाय बंद गटारं करा, रस्ते रुंद करा.

१९११ मध्ये महबूब अली खान गेले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्याच सुमारास शहरात प्लेगही होता. पूर आणि प्लेग, दोन्हींनी एकच गोष्ट उघडी पाडली होती: गरिबांची दाट, ओलसर, अंधारी वस्ती. १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड नेमलं. उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, १९२० मध्ये पुरं झालं. हिमायतसागर १९२७ मध्ये. काठाला हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना, सिटी कॉलेज अशा इमारती उठल्या. पत्थरगट्टीचा रस्ता रुंद झाला. १९३५ मध्ये मोअज्जमजाही मार्केट उभं राहिलं. विश्वेश्वरय्या गटारयोजनेसाठी पुढेही येत राहिले.

विजेचंही त्याच काळातलं. १९१० मध्ये संस्थानाचं वीजखातं सुरू झालं आणि १९२० मध्ये हुसेनसागरच्या काठावर औष्णिक वीजघर चालू झालं. कोळसा आपल्याच संस्थानातल्या सिंगरेणीचा, थंड करायला पाणी तलावाचं. बाहेरून काही आणायचं नाही. आबा सांगायचे, घरात पहिला दिवा लागला तेव्हा पणजीने त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि रात्री तो विझवायचा कसा ते कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून सगळे उजेडातच झोपले. ते वीजघर १९९० च्या दशकात पाडलं. आज त्या बाजूला एनटीआर गार्डन आहे. पोरं तिथे आइस्क्रीम खातात.

आमचं घर वाहून गेल्यावर पणजोबा काही वर्षं नातेवाइकांच्या देवडीत एका खोलीत राहिले. मग त्यांना नामपल्लीकडे इम्प्रूव्हमेंट बोर्डाचं घर भाड्याने मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, आणि वर एक माळा. पणजीने आत पाऊल टाकल्यावर आधी जोत्याची उंची पाहिली, मग माळ्यावर चढून गेली. त्या वर्षीपासून घट माळ्यावर.

इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. जुनं सगळं सोन्याचं होतं असं म्हणायची आपल्याला सवय आहे. बोर्डाने वस्त्या मोकळ्या केल्या म्हणजे माणसं उठवली. राजाचा हुकूम होता, कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. कारकून, शिक्षक, ज्यांचा पगार महिन्याला ठरलेला, अशांना बोर्डाच्या घराचं भाडं परवडलं. आमच्या जुन्या गल्लीतल्या मोलकरणी, हमाल, कोष्टी यांना परवडलं का? पणजी म्हणायची, "आपल्याला घर गावलं. धुण्याची सखू कुठं गेली कुणाला कळलं नाही." आमचं कुटुंब ज्या योजनेने तारलं तिच्याच हिशोबात सखू बसली नसावी, हे आठवून मग पुढचं बोललं पाहिजे.

तरीही त्या योजनेत काहीतरी असं होतं की शहर पुढची साठ वर्षं बऱ्यापैकी निर्धास्त झोपलं. ते काय होतं?

माझं उत्तर असं आहे. ती योजना रिकाम्या जागेवर उभी होती. पुराचा तलाव हा रिकामा असेल तरच उपयोगाचा. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी घालता येत नाही, ते खाली सांडतंच. नदीकाठची बाग हीसुद्धा रिकामी जागा, वर्षातले तीनशे साठ दिवस माणसांची आणि चार-पाच दिवस नदीची. पाणलोटातली शेतं, माळ, लहान तलाव हीही तशीच. पाणी तिथे थबकतं, मुरतं, मग सावकाश खाली येतं. कागदावर या जागेचं उत्पन्न शून्य दिसतं. म्हणून प्रत्येक पिढीत कुणाला तरी वाटतं की ती वाया चालली आहे.

आणि आपणही यात आहोत. हे दोन तलाव आधी पूर अडवायला सुचवले होते, पण सबंध शहराने त्यांचं पाणी प्यायलं. गंडीपेटचं पाणी प्यायला तो हैदराबाद सोडत नाही, असं आपण कौतुकाने सांगतो. माझी आजी माहेरच्या माणसांना तसंच सांगायची. पण पिण्यासाठी तलाव भरलेला हवा आणि पुरासाठी त्यात जागा हवी. दोन्ही कामं एकाच तलावाकडून करून घ्यायची तर दरवर्षी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाऊस पाहायला हवा, आणि वेळेआधी थोडं थोडं पाणी सोडायला हवं. पावसाळा संपत आला, तलाव तुडुंब भरले, आपण खूश झालो, आणि नेमका तेव्हाच परतीचा मोठा पाऊस आला तर? १९०८ चा पूर सप्टेंबरअखेरचा होता. १३-१४ ऑक्टोबर २०२० चा पाऊसही असाच उशिराचा. तेव्हा हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, शहरातल्या तलावांचे बांध फुटले, वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. आणि आता २०२५, पुन्हा सप्टेंबरअखेर, पुन्हा नवरात्र.

मधल्या काळात शहराला पाणी लांबून येऊ लागलं. आधी मांजरा, मग सिंगूर, पुढे कृष्णा, शेवटी गोदावरी. ही मोठीच सोय झाली, नाकारत नाही. पण नळाला शंभर मैलांवरचं पाणी आल्यावर गंडीपेटकडे बघणारं कुणी उरलं नाही.

१९९६ मध्ये सरकारने १११ नंबरचा जी.ओ. काढला. दोन्ही तलावांच्या १० किलोमीटर परिघातल्या ८४ गावांत कारखाने, मोठी बांधकामं यांवर बंधनं आली. त्या गावांतल्या शेतकऱ्यांची तक्रारही खरी होती. शेजारच्या गावात जमीन कोटींनी विकली जाते आणि आपली मातीमोल राहते, शहर वाचावं म्हणून किंमत आम्हीच का मोजायची? त्यांना त्याबद्दल मोबदला द्यायला हवा होता, असं मला वाटतं. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने ती बंधनं उठवण्याचा आदेश काढला. कारण दिलं की शहर आता या तलावांच्या पाण्यावर अवलंबून नाही.

ते वाचलं त्या दिवशी मला पणजीची आठवण झाली. शहर पिण्यासाठी अवलंबून नसेल, बुडण्यासाठी आहेच की! विश्वेश्वरय्यांनी ते तलाव तहान भागवायला सुचवलेच नव्हते मुळात.

२०२४ मध्ये मुसीच्या काठी घरांवर लाल खुणा झाल्या. नदी मोकळी करायची म्हणून. बातम्यांत बायका दारात बसून रडत होत्या. नदीला जागा हवी, हे तर मीच इथे इतका वेळ सांगतोय. पण खाली काठावरच्या झोपडीवर खूण करायची आणि वर पाणलोटात बंगल्यांना वाट मोकळी करायची, यात विश्वेश्वरय्यांचा अर्धाच अहवाल वाचल्यासारखं होतं. त्यांनी वरून सुरुवात केली होती.

आता पुतण्याचं. दसरा झाल्यावर एका रविवारी मी त्याला घेऊन हिमायतसागरवर गेलो. बांधावर बरीच गर्दी होती, मक्याची कणसं, पतंग, फोटो. तलाव काठोकाठ. तो म्हणाला, "काय सुंदर दिसतो हो भरलेला!" मी म्हटलं, "हौ, सुंदर दिसतो. पण आता रात्री बारा इंच पडला तर हे पाणी कुठं जाईल?" तो गप्प झाला. मग आम्ही त्याच्या सोसायटीच्या जागेवर गेलो. रखवालदार गावातलाच म्हातारा निघाला. त्याला विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, "कुंटा था साब." कुंटा म्हणजे लहान तलाव. भराव कधी घातला ते त्याला सांगता आलं नाही, पण लहानपणी तिथे म्हशी धूत होता एवढं पक्कं आठवत होतं.

७८८ तलावांतला एक असेल तो कदाचित. त्याची मोजणी १९०९ मध्ये कुणीतरी चिखल तुडवत केली असेल.

पुतण्याला मी नको घेऊ असं म्हटलं नाही. मोठा आहे, कर्ज त्याचं आहे. चार प्रश्न लिहून दिले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून इथे देतो. जागा तलावाच्या पूर्ण भरल्या पातळीच्या, म्हणजे एफटीएलच्या, आत आहे की बाहेर, ते जुन्या नकाशावर पाहिलंस का? पावसाचं पाणी या जागेवरून पूर्वी कुठे जायचं आणि आता कुठे जाणार? वरच्या अंगाला काय बांधायचं चाललंय? आणि तू राहायला गेल्यावर तुझ्या खालच्या वस्तीत किती पाणी जास्त जाईल? शेवटचा प्रश्न कुठल्याच पत्रकात नसतो. तो विचारायची सवय आपणच लावून घ्यायची.

त्याने अजून बुकिंग केलेलं नाही. केलंही नाही म्हणत नाही. परवा फोन करून विचारत होता, "काका, तो जुना नकाशा कुठल्या कचेरीत मिळतो?" मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

नामपल्लीचं घर आम्ही केव्हाच सोडलं. आता बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे मुसी यायची म्हणजे कठीणच. तरी घट अजून वर, गच्चीलगतच्या खोलीत बसतात. धाकटी सून यंदा म्हणाली, आता खाली बसवू या का, आई-बाबांना जिना होत नाही. बायको म्हणाली, बसवू की, पण आधी तुला गोष्ट सांगते. गोष्ट ऐकून सून काही न बोलता परडी घेऊन वर गेली.

तुमच्या घरात १९०८ ची, बोर्डाच्या घरांची, हुसेनसागरच्या वीजघराची काही आठवण असेल तर लिहून ठेवा. आणि कुणाला त्यांच्या जुन्या गल्लीतल्या सखूचं पुढे काय झालं हे माहीत असेल, तर ते जरूर कळवा.